व्यावसायिक दुभाषी होण्याचा मार्ग: भाषेच्या तयारीपासून पहिल्या कामापर्यंत

दोन भाषा उत्तम येणारी व्यक्ती आपोआप दुभाषी होऊ शकते, हा समज फार रूढ आहे. या समजावर विसंबून व्यवसायात आलेले अनेक जण पहिल्याच जबाबदारीच्या कामात अडखळतात. भाषा येणे ही केवळ प्रवेशाची अट आहे. खरे कौशल्य त्यापुढचे असून ते ठरावीक क्रमाने अंगवळणी पाडावे लागते: आधी नीट ऐकणे, मग ऐकलेले लक्षात ठेवणे, मग टिपणे घेणे, मग वक्ता थांबल्यावर बोलणे आणि सर्वांत शेवटी वक्त्याच्या बरोबरीने बोलणे. हा क्रम डावलून थेट हेडफोन लावून बसण्याची घाई केली, तर ऐकण्यातले आणि स्मरणातले कच्चे दुवे पुढे कायम राहतात व ऐन वेळी उघडे पडतात. म्हणून या लेखातील मांडणीही त्याच क्रमाने केली आहे.

कामाचे स्वरूप आधी समजून घ्यावे

अनुवादक लिखित मजकुरावर काम करतो, त्यामुळे त्याला शब्दकोश उघडता येतो आणि वाक्य पुन्हा पुन्हा घासूनपुसून घेता येते. दुभाष्याला बोललेला शब्द हाताळायचा असतो आणि त्याच्याकडे वेळ असतो तो काही सेकंदांचाच. या कामाच्या मुख्य पद्धती दोन आहेत. क्रमिक पद्धतीत वक्ता एक-दोन वाक्ये किंवा काही मिनिटे बोलून थांबतो आणि मग दुभाषी तोच आशय दुसऱ्या भाषेत मांडतो. समकालिक पद्धतीत दुभाषी ध्वनिरोधक बूथमध्ये बसून हेडफोनवर ऐकत असतानाच मायक्रोफोनमध्ये बोलत असतो. याखेरीज एकदोन श्रोत्यांसाठी शेजारी बसून हलक्या आवाजात केलेले कुजबुज-भाषांतर आणि समोर ठेवलेला कागद पाहून तोंडी केलेले भाषांतर हे प्रकारही नेहमीचे आहेत. न्यायालयात आणि रुग्णालयात तर कागद पाहून भाषांतर करण्याची वेळ वारंवार येते, पण उमेदवार नेमका त्याचाच सराव टाळतात.

समकालिक पद्धतीचा मोठ्या प्रमाणावर वापर प्रथम झाला तो 1945-46 मध्ये नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेम्बर्ग खटल्यात. इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन या चार भाषांत चाललेला हा खटला क्रमिक पद्धतीने कित्येक पटींनी लांबला असता, म्हणून बारा-बारा दुभाष्यांच्या तीन तुकड्या नेमण्यात आल्या होत्या. वक्ता फार वेगाने बोलू लागला की पिवळा दिवा लावला जाई आणि काम थांबवणे भाग असेल तेव्हा लाल. वेग वाढला की अचूकता ढासळते हे तेव्हाच ओळखले गेले होते आणि ते आजही तितकेच खरे आहे. मोकळेपणाने, दर मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्दांच्या गतीने बोलणारा वक्ता झेपतो; लिहून आणलेले भाषण भरभर वाचणारा वक्ता अनुभवी दुभाष्यालाही जड जातो.

कार्यक्षेत्रे अनेक आहेत: आंतरराष्ट्रीय परिषदा, न्यायालये, पोलीस चौकशी, रुग्णालये, आश्रय मागणाऱ्यांच्या मुलाखती, व्यापारी वाटाघाटी, कारखान्यातील प्रशिक्षण. कर्णबधिरांच्या सांकेतिक भाषेचे दुभाषी या सर्वच ठिकाणी काम करतात आणि त्यांचे प्रशिक्षण स्वतंत्र असते. नवोदितांची नजर परिषदांवर असते, परंतु समाजाची खरी निकड रुग्णालयांत आणि न्यायालयांत असते व उमेदवारीच्या काळातील बरेचसे कामही तिथेच मिळते, हे ध्यानात ठेवावे.

आपल्या भाषांची प्रामाणिक प्रतवारी

1953 साली स्थापन झालेल्या परिषद-दुभाष्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे एआयआयसीने, रूढ केलेली ए, बी, सी ही वर्गवारी जगभर वापरली जाते. ए भाषा म्हणजे मातृभाषा किंवा तिच्या तोडीची भाषा. बी भाषा म्हणजे मातृभाषा नसूनही जिच्यात व्यावसायिक दर्जाने बोलता येते ती. सी भाषा म्हणजे जी पूर्णपणे समजते, परंतु जिच्यात दुभाषी काम करत नाही, फक्त जिच्यातून करतो. आपली कोणती भाषा कोणत्या वर्गात बसते हे स्वतःच्या समाधानासाठी न ठरवता एखाद्या अनुभवी दुभाष्याकडून तपासून घ्यावे.

या टप्प्यावर सर्वाधिक दुर्लक्ष होते ते मातृभाषेकडे. मराठी घरी बोलली जाते, पण अर्थकारण, वैद्यक, कायदा किंवा तंत्रज्ञान यांवर सलग दहा मिनिटे इंग्रजीचा आधार न घेता, व्याकरणशुद्ध आणि प्रसंगोचित मराठीत बोलणे अनेक सुशिक्षितांना जमत नाही. ज्याला मराठी ही ए भाषा म्हणून सांगायची आहे त्याने अग्रलेख, न्यायनिवाड्यांचे मराठी वृत्तांत, आरोग्यविषयक माहितीपत्रके आणि विधिमंडळातील भाषणे रोज वाचावीत व ऐकावीत आणि त्यातील वाक्यरचना मोठ्याने म्हणून पाहाव्यात. उलट टोकही टाळले पाहिजे. रुग्णाला समजणार नाही असा पारिभाषिक शब्द केवळ शुद्ध आहे म्हणून वापरणे हा दोषच आहे. रुग्ण ‘शुगर’ आणि ‘बीपी’ म्हणत असेल, तर त्याच्याशी बोलताना तेच शब्द योग्य.

परकी भाषा शिकताना तिचे उच्चारभेदही कानावर पडू द्यावेत. वृत्तनिवेदकाचे इंग्रजी समजणे पुरेसे नाही. नायजेरियातील, स्कॉटलंडमधील आणि कोरियातील वक्त्याचे इंग्रजी त्याच सहजतेने समजले पाहिजे, कारण परिषदेत बोलणाऱ्यांपैकी अनेकांची ती मातृभाषा नसते.

स्मरणशक्तीचा सराव

पहिले काही महिने वही-पेन बाजूला ठेवावे. दोन-तीन मिनिटांचे भाषण एकदाच ऐकावे आणि त्याच भाषेत पुन्हा सांगावे. सांगताना शब्द आठवण्याचा प्रयत्न न करता वक्त्याने कोणता दावा केला, त्याचे कारण काय दिले, उदाहरण कोणते घेतले आणि शेवटी तो कुठे पोहोचला, हा सांगाडा पकडावा. हे जमू लागले की तेच दुसऱ्या भाषेत सांगावे. स्वतःचे सांगणे ध्वनिमुद्रित करून मूळ भाषणाशी ताडून पाहणे अनिवार्य आहे, कारण आपण काय गाळले हे बोलताना कधीच कळत नाही. गाळलेल्या बाबींची नोंद ठेवली, तर काही आठवड्यांत आपल्या चुकांचा साचा दिसू लागतो: कुणाची नावे सुटतात, कुणाचे ‘तरीही’ आणि ‘म्हणून’ यांसारखे जोडशब्द सुटतात, कुणाच्या हातून नकार निसटतो. यांपैकी जोडशब्दांची चूक सर्वांत घातक असते. प्रत्येक वाक्य बरोबर येऊनही त्यांच्यातला संबंध चुकला, तर श्रोत्यापर्यंत वेगळाच युक्तिवाद पोहोचतो.

टिपणे: काय लिहावे आणि काय लिहू नये

क्रमिक दुभाषीकामातील टिपणे म्हणजे लघुलेखन नव्हे. 1956 मध्ये दुभाषी झाँ-फ्रान्स्वा रोझाँ यांनी या टिपणांची जी तत्त्वे मांडली, ती आजही शिकवली जातात. शब्द टिपण्याऐवजी कल्पना टिपावी, वाक्यांमधील दुवे स्पष्ट लिहावेत, मजकूर उभ्या मांडणीत आणि पायऱ्यापायऱ्यांनी उजवीकडे सरकत लिहावा, चिन्हे मोजकीच वापरावीत, हा त्यांचा गाभा आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा वक्ता म्हणाला: “गेल्या पाच वर्षांत या नदीच्या खोऱ्यातील भूजलाची पातळी सातत्याने खालावली आहे, कारण विहिरींची संख्या वाढली, तरीही स्थानिक प्रशासनाने नव्या विहिरींना परवानगी देणे थांबवलेले नाही, असे आमच्या समितीचे मत आहे.” सरावलेला दुभाषी पानाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ‘समिती’ लिहून पुढे अपूर्णविराम देतो, कारण मत कोणाचे हे हरवून चालणार नाही. त्याखाली ‘5व’, त्याच्या थोडे उजवीकडे ‘भूजल’ आणि खाली वळणारा बाण. पुढच्या ओळीत डाव्या समासात ‘का’ आणि उजवीकडे ‘विहीर’ व वर जाणारा बाण. त्यानंतर समासात ‘तरी’, मग ‘प्रशा’, आणि त्याच्या उजवीकडे ‘परवा’ लिहून ‘थांबवले’ यासाठी ठरवलेल्या चिन्हावर काट. खाली आडवी रेघ मारली की एक विचार संपला. एवढ्या टिपणावरून तो वाक्य कोणत्याही भाषेत, कोणत्याही क्रमाने उभे करू शकतो. वक्त्याने ‘समितीचे मत’ शेवटी सांगितले, पण टिपणात ते सर्वांत वर आले, हे येथे मुद्दाम लक्षात घेण्यासारखे आहे. ते शेवटी ऐकू येणार असले, तरी त्यासाठी कोपरा मोकळा ठेवण्याची सवय सरावानेच लागते.

चिन्हे आयत्या वेळी तयार करू नयेत. उगाच शोधलेले चिन्ह पाच मिनिटांनी स्वतःलाच वाचता येत नाही. वाढ, घट, देश, निर्णय, समस्या, सहमती अशा नित्याच्या कल्पनांसाठी दहा-वीस पक्की चिन्हे पुरेशी आहेत. वरून उलटणारी छोटी सर्पिल वही वापरावी आणि कागदाच्या एकाच बाजूला लिहावे.

आकडे मात्र ऐकल्याक्षणी लिहावेत. आकड्याला संदर्भ नसतो, त्यामुळे तो आशयावरून ओळखता येत नाही. मराठी दुभाष्यापुढे येथे दोन खास अडचणी असतात. पहिली मोजणीच्या एककांची: दहा लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन. ‘37 मिलियन’ ऐकताच ‘3 कोटी 70 लाख’ आणि ‘2.4 बिलियन’ ऐकताच ‘240 कोटी’ तोंडात येईपर्यंत हा सराव रोज करावा. दुसरी अडचण संख्यानामांची: एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांतली गल्लत कामाच्या ताणात हमखास होते. कोणीतरी यादृच्छिक आकडे वाचावेत आणि आपण ते दुसऱ्या भाषेत म्हणावेत, असा दहा मिनिटांचा रोजचा परिपाठ सुरुवातीला कंटाळवाणा वाटतो, पण त्याचे फळ थेट कामात दिसते.

समकालिक पद्धतीकडे

क्रमिक पद्धतीत पाच-सहा मिनिटांचे भाषण विश्वासाने पेलता आल्यावरच बूथकडे वळावे. दुभाषीकामाचे अभ्यासक डॅनियल जिल यांच्या प्रसिद्ध प्रारूपानुसार येथे ऐकणे, अल्पकालीन स्मरण आणि बोलणे हे तीन प्रयत्न एकाच वेळी चालतात व त्यांचा मेळ घालणे हा चौथा प्रयत्न असतो. एकूण क्षमता मर्यादित असल्यामुळे एकावर भार वाढला की दुसरा कोलमडतो. अवघड वाक्यानंतर लगेच येणारे सोपे वाक्य सुटते, ते याच कारणाने.

मराठीच्या वाक्यरचनेमुळे या पद्धतीत काही डावपेच शिकावे लागतात. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि नकारही बहुधा तिथेच. “आमच्या सदस्यांनी मांडलेला, गेल्या बैठकीत चर्चिलेला आणि वित्त विभागाने तपासलेला हा प्रस्ताव आम्हाला मान्य…” इथपर्यंत ऐकले, तरी वक्ता ‘आहे’ म्हणेल की ‘नाही’ हे ठाऊक नसते. इंग्रजीत मात्र कर्त्यापाठोपाठ क्रियापद द्यावे लागते. अशा वेळी अंदाजाने क्रियापद देऊन मोकळे होणे धोक्याचे. लांबलचक विशेषणांची छोटी स्वतंत्र वाक्ये करावीत: हा प्रस्ताव आमच्या सदस्यांनी मांडला, गेल्या बैठकीत त्यावर चर्चा झाली, वित्त विभागाने तो तपासला, आणि निर्णायक शब्द कानावर पडल्यावरच शेवटचे वाक्य द्यावे. उलट दिशेने, इंग्रजीतून मराठीत येताना, सुरुवातीलाच मिळालेले क्रियापद वाक्य संपेपर्यंत मनात धरून ठेवावे लागते. तिथेही वाक्य लवकर तोडणे हाच उपाय आहे.

आणखी एक बाब सहसा शिकवली जात नाही. दुभाषी नेहमी प्रथमपुरुषात बोलतो, म्हणजे वक्ता ‘मी’ म्हणाला की दुभाषीही ‘मी’ म्हणतो. आणि मराठीत ‘मी गेलो’ व ‘मी गेले’ यांत लिंग उघड होते. स्त्री दुभाषी पुरुष वक्त्यासाठी बोलत असेल, तर कोणते रूप वापरायचे हे सहकाऱ्याशी बोलून आधी ठरवावे आणि शेवटपर्यंत तेच पाळावे. वक्त्याचे रूप घेणे मला अधिक योग्य वाटते, कारण शब्द त्याचे असतात. मधूनच रूप बदलले की श्रोता गोंधळतो. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतली निवडही अशीच जपून करावी: साक्षीदाराला वकिलाने आदराने विचारलेला प्रश्न मराठीत उर्मट होता कामा नये.

समकालिक काम एकट्याने स्वीकारू नये. बूथमध्ये किमान दोघे असतात आणि साधारण अर्ध्या तासाने एकमेकांची जागा घेतात. बोलत नसलेला सहकारी विश्रांती घेत नाही. तो आकडे, नावे आणि संज्ञा लिहून पुढे सरकवत असतो. संयुक्त राष्ट्रांत अरबी व चिनी बूथमध्ये दुभाषी दोन्ही दिशांनी, म्हणजे आपल्या भाषेत आणि आपल्या भाषेतून, काम करतात, म्हणून तिथे तिघे असतात.

शिक्षण, परीक्षा आणि प्रमाणन

पदव्युत्तर अभ्यासक्रम हा परिषदांकडे जाण्याचा राजमार्ग आहे. जिनिव्हा येथील 1941 साली स्थापन झालेली शाळा आणि पॅरिसमधील एसिट या त्यातील जुन्या व मान्यवर संस्था. अभ्यासक्रम निवडताना शिकवणारे स्वतः कार्यरत दुभाषी आहेत का, विद्यार्थ्यांना बूथमध्ये प्रत्यक्ष किती तास मिळतात आणि अंतिम परीक्षेला बाहेरचे परीक्षक असतात का, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तरे समाधानकारक नसतील, तर संस्थेच्या नावाला भुलू नये.

संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषा आहेत आणि युरोपीय संघाच्या चोवीस. दोन्हींकडे स्वतःच्या प्रवेशपरीक्षा असतात. या यादीत मराठी नाही, त्यामुळे मराठी दुभाष्याच्या संधी मुख्यतः न्यायालय, आरोग्य, स्थलांतर, माध्यमे आणि व्यापार यांत आहेत. तिथेही प्रमाणनाला महत्त्व वाढत चालले आहे. ऑस्ट्रेलियात नाटी ही संस्था प्रमाणपत्र देते आणि दर तीन वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते. अमेरिकेत वैद्यकीय दुभाष्याच्या राष्ट्रीय प्रमाणनासाठी किमान 40 तासांचे प्रशिक्षण आवश्यक असते. युरोपीय संघाच्या 2010 च्या निर्देशानुसार फौजदारी कार्यवाहीत भाषा न समजणाऱ्या आरोपीला दुभाषी मिळण्याचा हक्क आहे. कायदेविषयक दुभाषीकामासाठी 2019 मध्ये आणि आरोग्यक्षेत्रासाठी 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय आयएसओ मानकेही आली. ज्या देशात काम करायचे आहे तेथील नियम आधी वाचून मगच परीक्षेवर पैसे खर्च करावेत.

आचारसंहिता कामाच्या आत

गोपनीयता, निःपक्षपातीपणा आणि अचूकता ही तीन तत्त्वे सर्वत्र सांगितली जातात, परंतु त्यांची खरी कसोटी लहान प्रसंगांत लागते. डॉक्टर खोलीबाहेर गेल्यावर रुग्ण दुभाष्याला विचारतो, “मी हे ऑपरेशन करून घेऊ का?” उत्तर द्यायचे नसते. शांतपणे सांगावे की हा प्रश्न डॉक्टरांना विचारू या, तो मी त्यांच्यापर्यंत पोहोचवीन. आणि शक्य असल्यास अशा वेळी स्वतःही खोलीबाहेर जावे. नातेवाईक म्हणतात, “हे पेशंटला सांगू नका.” तेही वाक्य डॉक्टरांपर्यंत जाते, कारण खोलीत बोललेले सर्व काही पोहोचवले जाईल हे सुरुवातीलाच सांगून ठेवलेले असते. म्हणून भेटीच्या आरंभी अर्ध्या मिनिटाचे निवेदन दोन्ही भाषांत करावे: मी दुभाषी आहे, मी प्रथमपुरुषात बोलेन, जे बोलले जाईल ते सर्व भाषांतरित करीन आणि बाहेर कुठेही सांगणार नाही, कृपया एकमेकांकडे पाहून बोला. काही ऐकू आले नाही किंवा समजले नाही, तर ‘दुभाषी खुलासा मागत आहे’ असे तृतीयपुरुषात म्हणून थांबवावे. थांबवण्याचा संकोच बाळगून ठोकून दिलेले वाक्य औषधाच्या मात्रेबद्दल असू शकते.

पहिले काम

काम स्वीकारण्यापूर्वी विषय, कालावधी, भाषांची दिशा, सहकारी कोण आणि साहित्य केव्हा मिळेल, हे लेखी विचारावे. वक्त्यांची सादरीकरणे, कार्यक्रमपत्रिका आणि सहभागींची नावे मागून घ्यावीत. मिळाली नाहीत तर पुन्हा मागावीत. शब्दसंग्रह दोन स्तंभांत करावा आणि प्रत्येक संज्ञेचा अर्थ स्वतःला सांगता येतो का ते पाहावे, कारण प्रतिशब्द पाठ असूनही संकल्पना कळली नसेल तर वक्त्याने तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत मांडताच दुभाषी अडतो.

मोबदला ठरवताना तयारीचा वेळ, प्रवास आणि काम रद्द झाल्यास मिळणारी रक्कम यांचा करारात स्पष्ट उल्लेख असावा. सुरुवातीला ओळखीसाठी फुकट किंवा अतिशय कमी दरात काम करण्याचा मोह होतो. एखाद्या सेवाभावी संस्थेसाठी, अनुभवी सहकाऱ्याच्या देखरेखीखाली ते जरूर करावे. नफ्यासाठी चालणाऱ्या परिषदेसाठी करू नये, त्याने सगळ्यांचेच दर पडतात. बरेचसे काम सहकाऱ्यांच्या शिफारशीने येते, म्हणून जे झेपणार नाही ते नाकारून योग्य व्यक्तीचे नाव सुचवणे दीर्घकाळात लाभाचे ठरते.

दूरस्थ कामात आवाजाच्या दर्जाबाबत तडजोड करू नये. बूथच्या उपकरणांसाठी मानक ध्वनिपट्टा 125 ते 15,000 हर्ट्झचा आहे, तर पारंपरिक दूरध्वनीवर तो सुमारे 300 ते 3,400 हर्ट्झ इतकाच मिळतो. व्यंजने ओळखण्यासाठी लागणारी उच्च वारंवारता कापली गेली की मेंदू सतत अंदाज बांधत राहतो आणि थकवा लवकर येतो. तारजोडणीचे इंटरनेट, यूएसबी मायक्रोफोन आणि अचानक मोठ्या होणाऱ्या आवाजापासून कानांचे रक्षण करणारा हेडसेट ही किमान सामग्री आहे. वक्ता गाडीतून मोबाइलवर बोलत असेल आणि शब्द कळत नसतील, तर ‘आवाज पुरेसा स्पष्ट नाही, भाषांतर थांबवत आहे’ असे श्रोत्यांना सांगण्याचा अधिकार करारातच घालून घ्यावा.

यंत्रांनी केलेले तोंडी भाषांतर सुधारत आहे आणि ठरीव स्वरूपाच्या संभाषणांत ते वापरलेही जाते. संज्ञा शोधण्यासाठी आणि तयारीसाठी ही साधने दुभाष्यानेही शिकून घ्यावीत, मात्र ग्राहकाची गोपनीय कागदपत्रे त्याच्या परवानगीशिवाय कोणत्याही ऑनलाइन साधनात टाकू नयेत. काम संपल्यावर त्याच दिवशी शब्दसंग्रहात नव्या संज्ञा भराव्यात, अडलेली वाक्ये सहकाऱ्यासोबत तपासावीत, न्यायालयीन वा वैद्यकीय कामातील टिपणांची पाने फाडून नष्ट करावीत आणि ग्राहकाकडून आलेल्या फाइली कराराप्रमाणे परत कराव्यात किंवा पुसून टाकाव्यात.